खिसा न तपासलेला कोट

प्रिय ताई,

प्रभू येशूची स्तुती असो. तुझा धाकटा भाऊ (वय बासष्ट, गुडघे बहुधा सत्तरचे) इथे खुशाल आहे. तुझी भावजयही बरी आहे. तिची तुझ्यावर माया आहे आणि माझ्यावर नजर आहे. तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. अक्षर अजून शाळामास्तरणीचंच, फक्त ओळी जिना उतरल्यासारख्या खाली घसरल्यात, त्यावरून मोतीबिंदू किती पिकलाय ते डॉक्टरांनी न सांगताच कळलं. ऑपरेशन आमच्याच गावच्या मोठ्या इस्पितळात करायचं ठरवलंस, फार बरं केलंस. पुढची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे.

आता तू लिहितेस की ऑपरेशननंतर आठवडाभर प्रार्थनेचं पुस्तक डोळ्यांसमोर धरता येणार नाही, तेव्हा आईची जपमाळ तयार ठेव, ती हातात असल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही. तू चढणार नाही म्हटलंस म्हणजे चढणार नाहीस, हे मी लहानपणापासून जाणतो. तर पहिल्यांदा हे सांगतो की माळ सुखरूप आहे. (या वाक्यात खोटं काही नाही. पत्र शेवटपर्यंत वाचलंस, म्हणजे कुणाकडून वाचून घेतलंस, की तुला पटेल.)

आपल्या लाँड्रीचे दोन नियम तुला पाठ आहेत, कारण ते आईनेच घालून दिलेले. कपडा आला की कॉलरच्या आत शाईने दुकानाची खूण घालायची, आणि खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्यात सोडायचा नाही. माळेत सातव्या मण्याच्या जागी शर्टाचं पांढरं बटण आहे ना, तेही कुणाच्या तरी खिशात सापडलेलं, मालकाने नको म्हटलेलं. मणी हरवला तेव्हा आईने तेच ओवलं आणि म्हणाली, देवाच्या आईला बटणाचं वावडं नसावं. तीस वर्षं मी हे दोन्ही नियम पाळले. लोकांचे चष्मे, चाव्या, प्रेमपत्रं आणि एकदा एक कवळी परत केली. फक्त एकदाच चुकलो, आणि तेही धर्म करताना.

त्याचं असं झालं. चार महिन्यांपूर्वी फादरांनी प्रवचनात सांगितलं की गरिबाला द्यायचं ते विटलेलं नको, आपल्याला आवडतं ते द्या. मी पहिल्या बाकावर बसलो होतो, त्यामुळे ते माझ्याकडेच बघून बोलत आहेत असं मला वाटलं. (तुझी भावजय म्हणते, ते घड्याळाकडे बघत होते, ते माझ्या डोक्यावर आहे.) घरी आलो आणि माझा तपकिरी कोट, अस्तराचा, एकुलता एक चांगला, काढून चर्चच्या मदत मंडळाच्या पेटीत नेऊन टाकला. बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून चादरीत गुंडाळून नेला. परत येताना मला फार हलकं वाटत होतं. तो पुण्याचा परिणाम असावा असं मी समजलो. खिशात माळ होती. आदल्या दिवशी एका अंत्यविधीला जाताना मीच आतल्या खिशात ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मंडळाच्या प्रमुख म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाई. कोट कुणाला दिला म्हणून विचारायला गेलो, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि नियमाची आठवण करून दिली. कोणी काय दिलं आणि कुणाला मिळालं हे लिहायचं नाही, विचारायचं नाही, सांगायचं नाही. घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. नियम चांगला आहे. नसणार कसा, दोन वर्षांपूर्वी मीच तो मांडला होता आणि त्यावर अर्धा तास बोललो होतो. मेट्रनबाईंना त्यातली वाक्यंच्या वाक्यं पाठ निघाली.

मग संत अंतोनींना साकडं घातलं. हरवलेलं शोधून देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण माझ्या बाबतीत त्यांनी सावकाशीने घ्यायचं ठरवलं असावं. आधी मी महिनाभर अनाथालयाच्या चादरी फुकट धुवायचं कबूल केलं. मग वृद्धाश्रमाच्या धरल्या. मग पडदे आले. पडदे धुता धुता मला युक्ती सुचली, आणि मी दुकानावर पाटी लावली की तपकिरी कोट मोफत धुऊन मिळतील. भावजय म्हणाली, तपकिरीच का? मी म्हटलं, संतांचा झगा तपकिरी असतो, त्यांच्या भक्तीखातर. ती काही बोलली नाही, नुसती इस्त्री फिरवत राहिली. (ती बोलली नाही की मला जास्त भीती वाटते.) चौदा कोट आले. आपला एकही नाही. रस्त्यात एका गृहस्थाच्या बाहीचं अस्तर उलटून पाहायला गेलो, कारण आपल्या कोटाला तिथे इस्त्रीचा चटका आहे, तर त्याने मला पाकीटमार समजून छत्री उगारली. तोही आमच्याच चर्चचा निघाला. आता मिस्सेत सगळे एकमेकांना शांतीची खूण देतात, तेव्हा तो माझ्याकडे पाठ करतो.

शेवटी मागच्या रविवारी रुग्णांना भेटायला इस्पितळात गेलो. एरवी जिन्याने जातो, त्या दिवशी गुडघ्यांनी संप केला म्हणून लिफ्टमध्ये शिरलो. (तू आयुष्यात लिफ्टमध्ये पाय ठेवला नाहीस, तिला हवेत टांगलेलं कपाट म्हणतेस, तेव्हा तुला समजावं म्हणून सांगतो. आत एक स्टूल असतं, त्यावर लिफ्टमन बसतो, तो लिफ्ट मजल्यामजल्यावर नेतो.) स्टुलावर माझा कोट बसला होता. कोटाच्या आत लिफ्टमन होता, उतारवयाचा, बारीक, दाढी नीट केलेला. त्याच्या उजव्या हातात आईची माळ होती.

ताई, मी मजला सांगायचाच विसरलो. इमारत दहा मजल्यांची. तो मजल्याला एक मणी सोडत होता. वर जाताना दहा 'नमो मारिया', उतरताना पुढचे दहा. मध्येच कुणी स्ट्रेचर घेऊन चढलं की थांबायचा, त्या माणसाकडे बघायचा आणि त्याच्यासाठी पुढचा मणी धरायचा. मी म्हटलं, माळ छान आहे. तो म्हणाला, "कोटाबरोबर मिळाली. बायको गेल्यापासून सहा वर्षं मी प्रार्थनेचं नाव काढलं नव्हतं. नुसता कोट मिळाला असता तर अंगात घातला असता आणि विसरलो असतो." मग सातव्या मजल्यावर बोट माळेतल्या बटणाशी आलं, तेव्हा तो जरा जास्त थांबला. "हे देणाऱ्यासाठी," म्हणाला. "कोण ते विचारायचं नाही असा नियम आहे म्हणे. पण भला माणूस असावा. थोडा विसराळू."

मी तीनदा वर-खाली केलं. मला कुठेच जायचं नव्हतं. चार महिने माझं पित्त शांत आहे, त्याचं श्रेय मी काढ्याला देत होतो. मला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम, आणि माळ परत मागायला तोंड उघडलं ते "बराय, येतो" म्हणून मिटलं. तू असतीस तर तूही मागितली नसतीस. निदान मी तसं धरून चाललो आहे.

भाच्यांना आशीर्वाद. रागावलीस तर ऑपरेशन झाल्यावर रागाव, डोळ्याला ताण नको.

तुझा,
धाकटा

ता. क. १. नेत्रविभाग सातव्या मजल्यावर आहे. मी मुद्दाम पाहून आलो.

ता. क. २. तेव्हा खरी विनंती एवढीच की तू जिन्याने जाऊ नकोस. माझी बहीण येणार आहे, तिला लिफ्टची भीती वाटते, इतकंच मी लिफ्टमधून निघताना त्याला सांगितलं. तो म्हणाला, वर जाईपर्यंत माळ त्यांच्या हातात देतो. बटण येईपर्यंत तुझी, मग त्याची. तुला टेबलावर चढायला तेवढं पुरेल ना?

ता. क. ३. ताई, मी भावजय लिहिते आहे. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, मी खिसे तपासते तसं तपासलं. यांना अजून आठवलेलं नाही की कोटाच्या कॉलरमध्ये आपल्याच दुकानाची खूण आहे. ती पाहून लिफ्टमन पहिल्याच आठवड्यात माळ परत करायला आला होता. त्याच्याशी बोलले आणि मीच म्हटलं, ठेवा. सासूबाईंनी हेच केलं असतं. तुम्हाला न विचारता केलं, त्याची माफी तुम्ही आलात की समोर मागेन. यांना सांगितलं नाही, कारण अनाथालयाच्या चादरी फार छान निघत होत्या. बटणापाशी तो यांचं नाव घेतो. गेल्या रविवारपासून तुमचंही घेतो. लिफ्टनेच या, मी हात धरीन.