एक घालायला, एक उसवायला

दि. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

हसणार आहेस, तर आधी हसून घे आणि मग पुढे वाच. मी पळायला लागलोय. साठीला टेकलेला तुझा भाऊ, रोज सकाळी, तळ्याभोवतीच्या रस्त्यावर. मागे कुत्रं लागलेलं नाही, पोलीसही नाहीत.

कारण तुझी भाची. बारकीला बाहेरगावच्या बुटांच्या कारखान्यात नोकरी मिळतेय. महिनाअखेरीपर्यंत हो-नाही कळवायचंय. मला तिला एवढंच सांगायचंय की जाऊ नकोस, दुकान तुझंच आहे. पण सांगू कुठे? घरात तिचे कान मोबाईलला, दुकानात माझे गिऱ्हाइकाला. आमची ही म्हणाली, सकाळी पळायला जाते तेव्हा पोर मोकळी असते. म्हटलं, चला, पळता पळता बोलू.

इथेच फसलो. पळताना बोलता येत नाही. दुकानात मी दिवसभर बोलतो, एक जोडा घ्यायला आलेल्याच्या गळ्यात दोन घालतो. आणि इथे पहिल्या वळणालाच माझा भाता संपतो. बारके, ते बघ, एवढं म्हणून होतं आणि पुढचं वाक्य छातीत अडकतं. तिला वाटतं, मी झाडावरचा पक्षी दाखवतोय. तीही मान वर करून बघते.

त्यात माझे हे कान. खाली मान घालून टाके घालत असलो तरी दारातून आलेल्याची कोणती टाच झिजलीय ते मला पावलावरून कळतं. बारकी शेजारून पळते तेव्हा तिचं पाऊल मोकळं पडत नाही, अर्ध्यावर तुटतं. म्हणजे माझ्यासाठी ती पाय राखून पळते. माझ्यासाठी कुणी हळू चाललेलं मला जन्मात खपलेलं नाही. डोकं फिरतं नुसतं.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्या दमासारखा मध्येच संपू देऊ नकोस.

तुझा,
धांदल्या

दि. ९ नोव्हेंबर

चि. धांदल्यास,
अनेक आशीर्वाद.

हसले. तुझ्या भावजींना पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तेही हसले, मग त्यांना ठसका लागला, मग मी हसायची थांबले. ते म्हणतात, माणसाला बोलायचंच असेल तर चालतही बोलता येतं. पण तुला सरळ रस्ता कधी दिसलाय?

आता खरं सांग, पायात काय घालतोस? आपल्याच दुकानातले चामड्याचे, टाचेला नाल ठोकलेले जोडे घालूनच पळत असणार. कारखान्याच्या बुटाला तू सवतीसारखा बघतोस, हे मला नवीन नाही. माझा सगळा जन्म इस्पितळाच्या वॉर्डात गेला. दुखण्याने सुजलेले पाय पाहिले, हट्टाने सुजलेलेही पाहिले. दुसऱ्यांना औषध नसतं.

तिच्याशी लवकर बोल. आणि बोलताना दुकानदारासारखं बोलू नकोस. सौ.ला आशीर्वाद. प्रकृतीला जप. आमची माया न सांगता पोचते, तुझी खुशाली मात्र लिहिल्याशिवाय पोचत नाही.

तुझी,
ताई

दि. १९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी जीभ काळी. माझ्या अंगठ्याचं नखही काळं झालंय. हो, आपलेच जोडे घालून पळत होतो. पुढे बोलू नकोस.

माझं लंगडणं बारकीच्या नजरेला आलं असावं. परवा तिने माझ्यापुढे एक खोका ठेवला. आत पळायचे बूट, इतके हलके की पोरीने मला रिकामा खोकाच दिला की काय असं वाटलं. मी ते उचलले, थेट दुकानात गेलो आणि डाव्या पायाच्या बुटाला चामडं कापायची रापी लावली.

कपाळाला हात लावला असशील. पण ताई, मी धंदा शिकलो तो असाच. दुसऱ्याच्या जिन्याखाली बसून डागडुजी करत होतो तेव्हा मला शिकवायला कोण होतं? चांगला जोडा हाती आला की उसवायचा, आत काय आहे ते बघायचं, पुन्हा शिवायचा. अजूनही कुणाची करणी मनात भरली तरच मी रापी उचलतो. भिकार जोड्याकडे मी बघतसुद्धा नाही. आणि या बुटात बघण्यासारखं होतं. थरावर थर, टाचेकडे जाड, बोटांकडे पातळ, बाहेरच्या कडेला जरा जास्तीचा आधार. अक्कल लावलीय, नाही म्हणवत नाही.

बारकी आली तेव्हा बूट टेबलावर पोट फाडून पडला होता. तिने पाहिलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मी घाईघाईने शिवायला घेतला, पण मुळात तो शिवलेलाच नव्हता, सगळा चिकटवलेला. सुईला धरायला काही नाही. दोन सुया मोडल्या.

तेव्हापासून ती मला न उठवता पळायला जाते. ही म्हणते, पोरीने हौसेने आणलेलं कापलंत, आता बसा रापी चाटत. महिना संपत आला आणि माझं वाक्य अजून छातीतच आहे. बायका एका बाजूला झाल्या की घरात पाणी प्यायलासुद्धा परवानगी लागते.

लोभ ठेव. निदान एका घरात तरी माझी बाजू असू दे.

तुझा,
धांदल्या

दि. २३ नोव्हेंबर

चि. धांदल्यास,
आशीर्वाद.

तुझी बाजू घ्यायला बसले होते, तेवढ्यात बारकीचा फोन आला. आता ती घेता येणार नाही.

पोरीला वाटतंय, तू बूट नाही, तिची नोकरीच फाडलीस. करणी मनात भरली तरच रापी उचलतोस, हे तू मला लिहितोस. तिला कधी सांगितलंस? एका दुकानात इतकी वर्षं शेजारी बसता, आणि हे तिला ठाऊक नाही.

शिवाय ऐक. बाहेरच्या कडेला जास्तीचा आधार आहे म्हणालास ना, तो काही योगायोग नाही. तुझा पाय बाहेरच्या अंगाने पडतो, हे तिने शेजारून पळताना ओळखलं. चार दुकानं पालथी घालून तसा बूट शोधला. कान तुझ्या एकट्याच्याच वाट्याला आलेत असं समजू नकोस.

तिलाही तुला काही सांगायचंय. काय, ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. मध्ये पडून दोन्हीकडचे जोडे खायचं माझं वय राहिलं नाही. तूच जा. लंगडत जा, पण जा.

रागावून लिहिलंय म्हणून माया आटली असं समजू नकोस.

तुझी,
ताई

दि. २८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो. उजव्या पायात तिने आणलेला बूट, डाव्या पायात आपला चामड्याचा जोडा. एक पाऊल फुस्स, दुसरं ठक. तळ्यावर फिरायला आलेली माणसं वळून वळून बघत होती. बारकी बरीच पुढे होती. तिने मागे पाहिलं नाही, पण फुस्स-ठक ऐकून पाय आवरले. मी गाठलं तिला. म्हटलं, बूट आवडला म्हणून उसवला गं. आणि तिथेच माझा भाता संपला.

मग ती बोलली. तळ्याची अख्खी फेरी बोलली. कारखान्याला तिने आदल्याच दिवशी होकार कळवलाय. म्हणाली, मला येतं तेवढं ती माझ्याकडून शिकली, आता जे मला येत नाही ते तिला शिकायचंय. परत येणार का, तर आत्ताच सांगता येत नाही, उगाच आशा लावणार नाही म्हणाली. मी मध्ये तोंड घालायला जायचो आणि तोंडातून नुसती हवा यायची. दुकानात असतो तर पहिल्याच वाक्याला तिला अडवलं असतं, गोडीगुलाबीने पटवलं असतं, आणि ती थांबलीही असती. तेच बरं झालं असतं की वाईट, मला ठरवता येत नाही.

दम परत आला तोवर माझं महिनाभराचं वाक्य शिळं झालं होतं. मी विचारलं, कामगाराच्या घरच्यांना तिथले बूट स्वस्तात मिळतात का. ती हसली. म्हणाली, दोन जोड पाठवीन, एक घालायला, एक उसवायला.

मी खूश आहे असं मनात आणू नकोस. चिडलोय. माझ्यामागे दुकान उघडायचं कुणी, हा प्रश्न होता तिथेच आहे. गुडघा सुजलाय, नख गळून पडलं, आणि ही शेजारणीला सांगते की यांना आता व्यायामाची गोडी लागलीय.

एकच सांगायचं राहिलं. शेवटच्या वळणावर मी थांबलो आणि बारकीला म्हटलं, माझ्यासाठी पाय राखू नकोस, जा पुढे. मी रागावलोय का, याचा अंदाज घेत ती जरा घुटमळली, मग निघाली. मी कठडा धरून डोळे मिटले. ताई, तिचं खरं पाऊल मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. कुठे म्हणून तुटत नव्हतं. तळ्याच्या पार पलीकडच्या काठावरून ऐकू येत होतं.

भावजींना नमस्कार. लोभ असू दे. भाचीचा फोन आला तर मी चिडलोय एवढंच सांग, बाकीचं तुझ्याजवळ राहू दे.

तुझा,
धांदल्या