लग्नाचा टाइप

१९ जानेवारी १९६४, जळगाव जामोद

प्रेसच्या शेठने आज नव्या टाइपात बैलबाजाराची जाहिरात लावायला सांगितली. हा टाइप आमच्या जुन्या कंपोझिटर सदूकाकांनी स्वतः पुण्याहून निवडून आणला, लग्नपत्रिकांसाठी. कान्याचा दांडा भरदार, वळणापाशी रेघ केसाएवढी बारीक. आणि त्यात बैल! कागद खरबरीत, दाब जास्त. चार वेलांट्या मोडल्या. काका शिशाचे मोडके खिळे बोटाने चाचपत बसले. शेठ म्हणतात, अक्षर काय पूजेला ठेवायचं? डोकं तापलंय.

२ फेब्रु.

काका गेले. पहाटेच. मला खिळे जुळवायला त्यांनीच शिकवलं. आज खिळ्यांच्या केसमध्ये हात चालेना.

५ फेब्रु.

काकांच्या तेरवीची पत्रिका आपल्याच प्रेसात. मी म्हटलं, काकांच्या टाइपात लावतो. शेठ उसळले,
"लग्नाचा टाइप मयतीले लावतेत काय बे? लोकाइले कळलं तं एक बाप पोरीची पत्रिका घेऊन येनार नाही."
बैलांना चालतो. काकांना चालत नाही. वा शेठ.

७ फेब्रु.

शेठ कागद आणायला खामगावला गेले. भर दुपारी पत्रिका काकांच्याच टाइपात लावली. ट्रेडल मशीनवर मीच पाय मारला. दाब अगदी हलका, काका ठेवायचे तसा. एकही वेलांटी गेली नाही. नावाखाली 'कंपोझिटर' काय देखणं उठलं! रडू आलं आणि रागही आला. जिवंतपणी या माणसाचं नाव कुणी छापलं नाही.

१० फेब्रु.

शेठना कळलं. एक पत्रिका शेठच्या घरी जाणारच होती, माझ्या ध्यानातच नाही. धन्य माझी. टाइपाची केस कपाटात, कुलूप, किल्ली शेठच्या खिशात. महिनाअखेर दुसरं काम पाहा म्हणाले. माफी मागितली नाही. मागणारही नाही. बायकोला अजून सांगायचंय.

१८ फेब्रु.

मयतीचा कागद लोक वाचून फाडतात, घरात ठेवत नाहीत. आज एक मिरचीवाले बागाईतदार आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला. शेठने कपाटातला टाइप सोडून सगळे नमुने दाखवले, एक पसंत पडेना. मग त्यांनी टोपीतून कपटा काढला. काकांच्या पत्रिकेचा! नाव फाडलेलं, खालचं 'कंपोझिटर' तेवढं उरलेलं.
"बाकी फाडलं भाऊ. हे फाडाले हात उठला नाही. पोरगी म्हने, मले असंच अक्षर पाहिजे."
मयतीचं आहे हे माहीत असून मागत होते. मी शेठकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कपटा दाराशी उजेडात धरून पाहिला, मग पाहुण्यांना परवा या म्हणाले.
मी संध्याकाळपर्यंत कपाटाकडे तोंड करून काम केलं, मुद्दाम. कपटा त्यांनी वहीत ठेवलाय. किल्ली अजून खिशातच आहे.