तिसऱ्यांदा खरडलेला कागद

बाबा,

नोकरी सोडली. सोमवारी राजीनामा दिला, आज गुरुवार, आणि अजून तरी मला पश्चात्ताप झालेला नाही. रविवारपर्यंत वाट बघून मग तुम्हाला सांगावं असं ठरवलं होतं, पण दम निघेना. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी कुठलीही गोष्ट करून झाल्यावर पहिली भीती तुमचीच वाटते. त्यातून ही नोकरी माझ्यापेक्षा तुमचीच जास्त होती.

आठवतं ना, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस तुम्ही, पण दुधाच्या बूथवर रांगेत उभ्या असलेल्यांना काय सांगायचात, तर "मैं तो लाइनें खींचता हूँ, असली कलाकार हमारी बेटी है." शेजारच्या क्वार्टरमधले फोरमनकाका म्हणायचे, "बिटिया ने नाम कर दिया, साहब," आणि तुम्ही लाजून चष्मा पुसायला घ्यायचात. जाहिरात कंपनीतलं माझं पहिलं होर्डिंग हबीबगंज स्टेशनबाहेर लागलं, तेव्हा आईला स्कूटरवर घालून तुम्ही मुद्दाम बघायला आलात. साड्यांच्या दुकानाची जाहिरात होती. बराच वेळ मान वर करून बघितलंत आणि म्हणालात, "अक्षरं सरळ आहेत." मला इतका राग आला होता. आता वाटतं, त्या होर्डिंगबद्दल खरं बोलण्यासारखं तेवढंच होतं.

कारण पुढे एकोणीस वर्षं मी तेच करत राहिले. दर दिवाळीला तीच पणती, फक्त कधी डावीकडे, कधी उजवीकडे. "मैडम, लोगो थोड़ा और बड़ा कर दो ना," एवढं ऐकायला मी रोज डबा घेऊन जात होते. शेवटी शेवटी सकाळी घराचा जिना उतरताना दुसऱ्याच पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसायचे. सोडावंसं वाटलं की तुम्ही चष्मा पुसताना दिसायचात, आणि मी आणखी एक दिवाळी काढायचे. तुमच्या कौतुकाचा मला जाच झाला, बाबा. हे तुम्ही होतात तोवर तोंडातून निघालं नसतं.

तशातच मला तो रविवार आठवायला लागला. मी नऊ वर्षांची आहे. तुमचे एक मित्र कोलार रोडला घर बांधतायत आणि तुम्ही त्यांचा नकाशा करून देताय. पुढच्या खोलीत दिवाणावर बोर्ड, त्यावर ट्रेसिंग पेपर, काळी शाई आणि चूक खरडायला अर्धं ब्लेड. त्या मित्रांनी जिना दोनदा हलवलाय, तुम्ही दोनदा खरडलाय. मग आईबरोबर तुम्ही बिट्टन मार्केटला भाजीला जाता. परत येता, बोर्डावर वाकता, तर जिन्याच्या जागी मसुराच्या डाळीएवढं भोक. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी दाराशीच उभी. तुम्ही म्हणता, "इकडे ये, शिकून ठेव. मीच जरा जास्त दाबून खरडलं असणार. ट्रेसिंगवर एका जागी दोनदाच ब्लेड लावायचं. तिसऱ्यांदा कागद टिकत नाही."

आई पिशवी ठेवत विचारते, "मग आता?"

"आता नवा कागद. एवढ्याशा रेघेसाठी सगळं परत काढायचा कंटाळा केला, म्हणून हे झालं."

आणि चिडण्याऐवजी तुम्ही चक्क गुणगुणत बसता. चहाच्या वेळेपर्यंत अर्धं घर उभं राहिलेलं असतं, जिना भलत्याच बाजूला, आणि पहिल्यापेक्षा चांगला.

तर आता मी जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन त्यांचे नकाशे काढणाऱ्या एका लहानशा ऑफिसात जाणार आहे. तिथल्या बाईंनी आधीच बजावलं, "हमारे यहाँ क्रिएटिव कुछ नहीं है. दीवार जैसी है, वैसी ही बनानी है." मला हसू आवरेना. नकाशाची मापं घ्यायची तुमची तिकोनी पट्टी पर्समध्येच होती, ती काढून दाखवली. थोडक्यात काय, तुमची कलाकार पोर आता रेघा मारणार. मला फार हलकं वाटतंय. काल जिना सरळ चढून घरी आले आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

हे पत्र तुमच्या नकाशांच्या नळीत गुंडाळून ठेवते, दुसरं कुठे टाकणार. पण नळी बंद करायच्या आधी एक सांगायचं राहिलंय. ते भोक तुम्ही पाडलं नव्हतंत. तुम्ही दोघं भाजीला गेलात, जिन्याची एक पुसट रेघ मागे राहिली होती, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून ब्लेड मी घेतलं. तिसऱ्यांदा मी खरडलं. तुम्ही माझी चूक आपल्या नावावर घेऊन मला समजावत होतात आणि मी शहाण्यासारखी मान डोलावत होते. बिघडलेलं काम सांगायचं नाही, दुसऱ्याने नवा कागद घेईपर्यंत गप्प उभं राहायचं, ही सवय मला त्या दिवसापासून लागली.

या वेळी कागद मी बदलला.