रॉस्कोचा नंबर माझ्यामागे कुणालाच नाही

आधी तक्रार लिहा, बाकीचं मागाहून. नवरा उभा जन्म कंपनीत गाड्यांना दरवाजे बसवत राहिला. त्याच्यामागे घरच्या भावात गाडी घ्यायचा हक्क बायकोला, आणि बायको मेली की कुणालाच नाही. हा कुठला न्याय? वकील हॅस्केटबाई म्हणतात, "ओझेलाबाई, हा हक्क मृत्युपत्रात घालता येत नाही." नसेल येत. तक्रार तर घालता येते.

मी, ओझेला टिब्स, कै. रॉस्को टिब्स यांची बायको, राहणार फ्लिंट, मिशिगन, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दडपणाखाली न येता (मला दडपणारा अजून जन्मायचाय) हे लिहून देते. माझी शाळा तिसरीत सुटली, म्हणून अक्षर वकीलबाईंचं, शब्द माझे.

१. राहतं घर मुलगा अल्विन याला. तो इथंच राहतो, इथंच जेवतो, त्यामुळे त्याला फारसा फरक कळणार नाही. छप्पर मात्र त्यानं स्वतः शाकारावं.

२. बँकेतली शिल्लक अल्विन आणि मुलगी कॉर्लिस यांना निम्मी-निम्मी. मला महागडी शवपेटी नको. पेट्या विकणाराही पहिली किंमत खोटीच सांगतो.

३. रॉस्कोची पान्यांची पेटी जावई वेंडेल याला. सगळे चमकतील, म्हणून कारण सांगते.

घरच्या भावासाठी कंपनी एक नंबर देते. तो दाखवला की भाव ठरलेला, घासाघीस बंद. फ्लिंटमधलं शेंबडं पोरही जाणतं की नंबर शेवटी काढायचा. आधी दुकानदाराची सूट पिळायची. महिनाअखेरीला विक्रीचा आकडा गाठायला तो कधीकधी घरच्या भावाच्याही खाली उतरतो. कंपनीची सूट वेगळी, ती दुकानदाराच्या भावावरही मिळते नि घरच्या भावावरही. कॉर्लिसच्या गाडीच्या वेळी मी विक्रेत्याला तसाच खाली आणला होता. "मावशी, आता माझा पगारच कापता का?" म्हणत तो आकडा लिहिणार, तेवढ्यात वेंडेलनं खिशातून नंबर काढून टेबलावर ठेवला.

"आमच्याकडे सासऱ्यांचा नंबर आहे की!"

"अहो, आधी बोलायचं ना," विक्रेत्यानं पेनाला टोपण लावलं. "मग भाव ठरलेलाच."

मी भर दुकानात म्हणाले, "कॉर्लिस, नवरा घेतानाही पहिल्याच किमतीला हो म्हणालीस वाटतं?"

लोक हसले. ती नाही हसली. "आई, तुझी गाडी नको नि तुझा भावही नको." तिनं परदेशी कंपनीची गाडी घेतली. रॉस्को म्हणाला, "ती माझ्या अंगणात लागणार नाही." मग ती कोपऱ्यापलीकडे लावून चालत यायची. पुढे यायचीच बंद झाली. बापाच्या मयतीलाही तिनं गाडी तिकडेच लावली आणि बर्फातून चालत आली. मी खिडकीत उभी होते. गाडी आत घे, एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर तोंड चालवलं, तेव्हा नाही चाललं.

वेंडेलनं नंबर काढला तो सासऱ्याचा अभिमान वाटला म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. भाव बुडाला तो बुडालाच. पण पेटी त्याची.

४. नात नडीन, कॉर्लिसची मुलगी, हिला लॅन्सिंगच्या दवाखान्यात नोकरी लागली आहे आणि तिच्या जुन्या गाडीनं मान टाकली आहे. माझं काळीजही त्याच वाटेवर; डॉक्टर वसंतापर्यंतची बोली करतात. नंबर मी जिवंत असतानाच मागता येतो. म्हणून हा कागद मेल्यावर वाचायचा नाही. वकीलबाईंनी एक प्रत आजच कॉर्लिसकडे धाडावी.

नडीन, "महिन्याला किती झेपेल?" असं विक्रेत्यानं विचारलं तर गप्प बसायचं. पूर्ण किंमत ठरवायची. नंबर शेवटी. दोन्हींतला उतरता भाव घ्यायचा.

५. यापुढे अंगणात कोणाचीही, कुठलीही गाडी लागेल. रॉस्कोला मी वर जाऊन समजावते.

सही: ओझेला टिब्स
साक्षीदार: लुएला ग्रिग्ज, शेजारीण, अ‍ॅमोस बेल, पाद्री
फ्लिंट, ११ जानेवारी २०११

सहीनंतरचं, तरी तितकंच पक्कं: रविवारी प्रार्थनेनंतर मी कॉर्लिसच्या घरी फोन लावणार आहे. वेंडेलनं उचलू नये, नडीननंही नाही. कॉर्लिसनंच उचलायचा.