आईची जीभ आणि सुनेचा कागद

सोमवार, ४ मार्च
इबिदुनने आज आईच्या कापडं रंगवायच्या निळीच्या रांजणात कागद बुडवला! विचारणं नाही, सांगणं नाही. घरची सून ती, सासूपुढे गुडघे टेकायचे सोडून प्रयोग करते! लाल कागद निळा झाला. "वन्सं, यात शिसं आहे." म्हटलं, निळीत निळा नाही होणार तर काय पिवळा? तर म्हणे, नुसत्या पाल्याच्या निळीत लालच राहतो. बाजारातून येणाऱ्या निळीच्या गोळ्यांत कुणीतरी भेसळ करतंय. शहाणी!

मंगळवार, ५ मार्च
कागदावर म्हणे सोन्याचे कण आहेत, डोळ्यांना न दिसणारे. आणि ते जंतूंनी बनवलेत — आमच्याच गटारातल्या! जंतू सोनार, आणि आम्ही विष कालवणाऱ्या. गटारासाठी काळी भुकटीही आणलीय, तीही जंतूंचीच. रंग फोडते. पाणी नितळ झालं खरं. पण शिसं तसंच राहतं म्हणे, गोळेच बदला. डबा लाथेने उडवला मी.

गुरुवार, ७ मार्च
भाऊ तिच्याच बाजूने. बायकोच्या ताटाखालचं मांजर!

शनिवार, ९ मार्च
रंगारणींच्या संघाची बैठक, आमच्याच अंगणात. रांजणात विष ठरलं तर रांजण फोडणार, आणि आईचं प्रमुखपद जाणार. 

आई उठली. बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. नीळ तयार झाली की नाही, खरी की खोटी, हे आमच्याकडे जीभच सांगते. आणि आईची जीभ म्हणजे अख्ख्या अबेओकुटा शहरात शेवटचा शब्द! "पाल्याचीच आहे," आई म्हणाली. "भेसळ मला कळली नसती होय गं?" बायकांनी टाळ्या पिटल्या.

इबिदुन रडायला लागली. "आई, थुंका आधी! पाया पडते, रोज चाखू नका ते!"

"तूच थुंक," मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आणि माहेरी चालती हो!"

गेली. पीडा टळली!

मंगळवार, १२ मार्च
घाईत कडूपाला, कडवटपणा जाईपर्यंत न चोळता-धुताच, कालवणात पडला. याम कंदाच्या पहिल्याच घासाला मी थू करून उठले — जहर कडू! आईला सांगायला धावले. तिने वाडगा पुसून संपवला होता.

"छान झालंय गं आबेके. अजून आहे?"