खिडकीच्या हातमोज्यांविषयी

तीर्थरूप मामांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात सध्या मोकळेच आहेत. मालकांनी माझ्याकडून इस्त्री काढून घेतली आहे. ते पुढे येईलच.) तुमचा खोकला कसा आहे? औषध घेता का, की बाटली कपाटावर ठेवून नुसते तिच्याकडे बघता? मामींना नमस्कार सांगा. धाकटीचा निकाल लागला असल्यास कळवा, आणि लागला नसल्यास तिला म्हणावे, निकाल लांबतो तोवरच माणूस सुखात असतो. माझी प्रकृती उत्तम आहे. जेवण जात नाही, झोप येत नाही आणि रस्त्यात कुणी मागून हाक मारली की मी पहिल्या गल्लीत वळतो, पण एरवी उत्तम.

आमच्याकडच्या फुटबॉलच्या प्रकरणाबद्दल तुमच्या कानावर आले असेल. बातमी इथून निघते तेव्हा तिला चार पाय असतात, तुमच्याकडे पोचेपर्यंत चाळीस होतात, म्हणून खरे काय ते मीच लिहितो. इथे संघ तसे बरेच आहेत, पण अंतिम सामना दरवर्षी छापखान्याचा संघ आणि बर्फाच्या कारखान्याचा संघ यांच्यातच होतो. बाकीचे नुसते हरायला येतात. या दोन्ही संघांचे कपडे आमच्या लाँड्रीत धुतले जातात. मैदानावर जे एकमेकांच्या नरडीचा घोट घ्यायला निघालेले असतात, ते आमच्या दोरीवर शेजारी शेजारी गुपचूप वाळतात. तर छापखान्याच्या गोलकीपरला सगळे ‘खिडकी’ म्हणतात. नाव वाईट आहे, पण त्याने ते मेहनतीने कमावलेले आहे. त्याच्यातून सगळे आरपार जाते. माणूस उंच, मशीनखात्यात कागद लावतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, पण चेंडू आला की बसमध्ये म्हाताऱ्याला जागा द्यावी तसा बाजूला सरकतो. यंदा हाच खिडकी एकाएकी भिंत झाला. बर्फवाल्यांनी मारलेला प्रत्येक चेंडू त्याच्या हातात जाऊन बसू लागला. शेवटी शेवटी बर्फवाल्यांना पेनल्टी मिळाली आणि ती मारायला त्यांचा गाडीवाला पुढे आला. (लाद्या वाहून वाहून याच्या मांड्या खांबासारख्या झाल्या आहेत. त्याची विजार मालक आणि मी दोघे मिळून पिळतो.) खिडकीने उजवीकडे अशी काही झेप घेतली की त्याची त्यालाच भीती वाटली असेल, आणि चेंडू अडवला नाही, एका हातात धरला. मग तो फेकायला गेला, तर चेंडू सुटेना! त्याने हात झटकला, स्वतःभोवती गरगर फिरला, फिरता फिरता आपल्याच गोलात जाता जाता वाचला, आणि शेवटी चेंडूवर पाय रोवून त्याने हात ओढून काढला. चेंडूवर पाचही बोटांचा पांढरा पंजा उमटला होता. छापखाना जिंकला, आणि मैदान सुटायच्या आत बोंब उठली की खिडकीच्या हातमोज्यांना काहीतरी लावले होते.

दुसऱ्या दिवशी समोरच्या न्हाव्याच्या दुकानात खटला उभा राहिला. दुकानात खुर्च्या दोनच. डावी बर्फवाल्यांनी घेतली, उजवी छापखानेवाल्यांनी, आणि खरोखर दाढी करायला कुणी आलाच तर त्याने आधी बाजू सांगायची, मग बसायचे. बर्फवाल्यांचा मुख्य पुरावा असा की, छापखान्यात पुस्तकबांधणीचे खाते आहे आणि तिथे सरसाचे डबेच्या डबे पडलेले असतात, तेव्हा वेगळे काय सिद्ध करायचे? यावर बांधणीखात्याचा जुना कारागीर तोंडाला साबण तसाच ठेवून खुर्चीतून उठला आणि गरजला, “आमचा सरस असता तर चेंडू अजून त्याच्या हातातच असता! चेंडूला कुशीत घेऊन झोपावं लागलं असतं त्याला!” बर्फवाल्यांचा हिशेबनीस चेंडूच घेऊन आला होता. त्याने सर्वांसमक्ष पंजाला जीभ लावली आणि जाहीर केले की चव गोडसर आहे, अर्थात साखरेचा पाक. छापखान्याचा एकजण म्हणाला, “गोड तुमची जीभ आहे, तासाभरात तीन चहा झालेत.” मग छापखानेवाल्यांनी असे मांडले की तो पांढरा डाग म्हणजे मैदानावर रेघा आखायचा चुना. बर्फवाले म्हणाले, चुना असता तर बुटांनाही लागला असता. हे म्हणाले, “लागलाच होता की! म्हणून तर तुमचे लोक जागचे हलले नाहीत.” एक वस्तरा खाली पडला, एका गिऱ्हाइकाची मिशी अर्धीच राहिली, आणि शहाणपणाचे बोलणे काय ते एकट्या न्हावीकाकांनी केले. ते म्हणाले की खिडकी आजवर इतका वाईट खेळला हाच त्याच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. लबाडी करायची अक्कल असती तर त्याने ती आधीच केली नसती का? मला हे इतके पटले की मी इस्त्री टाकून दाद द्यायला रस्ता ओलांडून गेलो. तिथेच माझा घात झाला. मला पाहताच सगळ्यांना एकदम सुचले की लाँड्रीवाला दोन्ही बाजूंचा, म्हणजे कुठल्याच बाजूचा नाही, आणि डाग ओळखणे हा तर त्याचा धंदा. मोजे माझ्या हातात देण्यात आले.

मामा, मी ते बोटांनी चोळले, उजेडात धरले, नखाने खरवडले. आणि मी मोठ्याने, आणि का लपवू, अभिमानाने सांगितले की हा सरस नाही, पाक नाही, चुना नाही. हा आमचा स्टार्च आहे. एकही गाठ नसलेला! मला वाटले प्रकरण मिटले. गुपित नाही, लबाडी नाही, कुणाचे तोंड काळे होण्याचे कारण नाही. तुम्हीच मला शिकवलेत ना, की गठ्ठ्यातून आलेला प्रत्येक कपडा स्टार्च होऊनच दुकानाबाहेर जाईल, गिऱ्हाईक नको म्हणाले तरच अपवाद? खिडकी नको म्हणाला नव्हता. मी मोजे धुतले, स्टार्चमध्ये बुडवले, एकेक बोट ताणून वाळत घातले आणि बोटाबोटाला इस्त्री केली. (अंगठ्याला इस्त्रीचे फक्त टोक लावायचे, नाहीतर शिवणीवर चमक येते.) टेबलावर ठेवले तर ते मोजे आपापले उभे राहत होते, कुणीतरी शपथ घेत असल्यासारखे. आता सकाळी माळ्याने मैदानावर पाणी मारले आणि पाण्याने स्टार्च सुटला, याला मी काय करू? कपडा पुढे कुठे जातो हे गिऱ्हाइकाला विचारणे म्हणजे आगाऊपणा, हेही तुमचेच शिक्षण.

पण नाही! दोन्ही खुर्च्या माझ्यावर उलटल्या. बर्फवाले म्हणाले, छापखान्याने लाँड्री फोडली. पुरावा काय, तर आमच्या पावत्या छापखान्यात छापल्या जातात. छापखानेवाले म्हणाले, उलट बर्फवाल्यांनीच याला फितवला, खिडकीची बोटे वळू नयेत म्हणून मोजे मुद्दाम कडक केले, आणि डाव त्यांच्यावरच उलटला. पुरावा काय, तर आमच्या दुकानातल्या पाण्याच्या माठाशेजारी उन्हाळ्यात त्यांच्या कारखान्याचा बर्फ दिसतो! म्हणजे एकाच जोडीच्या मोज्यांवरून मी दोन्हीकडे फितूर. असा फितूर शोधून सापडणार नाही. आता मी रस्त्याने निघालो की पाठीमागून “काय कडक!” असे ऐकू येते. माणसाने चोरी केली म्हटले तर लोकांचा विश्वास बसतो, लाच खाल्ली म्हटले तर बसतो, बायको सोडून पळून गेला म्हटले तर ते गाडीचा नंबरसुद्धा सांगतात. पण एखाद्याने सांगितलेले काम नीट केले, एवढे मात्र कुणाच्या घशाखाली उतरत नाही!

शेवटी दोन्ही संघांनी निवृत्त हेडमास्तरांना पंच नेमले. (ज्यांनी मला नववीत दोनदा बसवले तेच. मी तिसऱ्यांदा बसलो नाही, तुमच्याकडे आलो.) त्यांनी असा निवाडा दिला की येत्या रविवारी छापखान्याच्या आवारात सर्वांसमोर मी सांगायचे, स्टार्च चुकून दिला गेला. चुकून म्हटले की कुणाचा दोष नाही, चषक राहील आणि खिडकीही सुटेल. चुकून म्हणालो नाही, तर अर्थातच मुद्दाम. मग चषक परत जाईल आणि खिडकीने पुन्हा त्या मैदानावर पाय ठेवायचा नाही. मी विचारले, सर, तिसरे काही असू शकत नाही का? ते म्हणाले, “नववीतही तू हेच विचारत होतास.” मालक तर हवालदिल आहेत, कारण दोन्हीकडचे गठ्ठे बंद झाले तर दुकानात आमचेच कपडे उरतील. त्यांनी माझी इस्त्री काढून घेतली आहे आणि ती हातात धरून दिवसभर माझ्यामागे फिरतात, “एक शब्द आहे रे, तोंडातून काढायला तुझं काय जातं?” मालकीणबाई म्हणतात, आमचे हे लग्नापासून रोज म्हणतात, काही बिघडलं नाही त्यांचं. न्हावीकाकांनी मला खुर्चीत बसवून फुकट केस कापत समजावले.

“अरे, मी दिवसाआड कुणाचा तरी कान कापतो आणि चुकून म्हणतो. दुकान चालूच आहे.”

“काका, तुम्ही चुकूनच कापता. मी चुकून काही केलेलं नाही.”

“म्हणजे मुद्दाम केलंस?”

“मुद्दाम नाही, नीट केलं.”

“हे आवारात नको बोलूस. नीट केलं म्हणणाऱ्याला लोक सगळ्यात आधी धरतात.”

तुम्हीच सांगा मामा, माझ्या हातून स्टार्च चुकून जातो, असे चारचौघांत ठरल्यावर उद्या कुणी आमच्याकडची कॉलर विश्वासाने गळ्याला लावेल का? माझ्याजवळ शिक्षण नाही, जमीनजुमला नाही, बोलण्याची हातोटी नाही. हातात एक काम आहे, आणि तेच मी चुकून करतो असे मी माझ्या तोंडाने सांगायचे?

काल खिडकी स्वतः दुकानात आला. टांगलेल्या शर्टांखालून वाकत वाकत काउंटरपर्यंत आला आणि बराच वेळ पावत्यांच्या खिळ्याशी चाळा करत उभा राहिला. मी मनाशी उत्तर तयार ठेवले, की तूही तेच सांगायला आला असशील तर आल्या पावली परत जा. पण त्याने वेगळेच विचारले. आवाज इतका बारीक, की मला बॉयलर बंद करावा लागला. म्हणाला, “खरं सांग गड्या, वाईट वाटणार नाही मला. ती पेनल्टी मी अडवली, की तुझ्या स्टार्चनं?” मी विचार केला. (खोटे सांगणे सोपे होते, म्हणून नीट विचार केला.) आणि सांगितले की स्टार्च चेंडूला धरून ठेवतो हे खरे, पण हात चेंडूपर्यंत नेत नाही. तिथपर्यंत तूच गेलास. त्याने आपला उजवा तळवा उलटसुलट करून बघितला. म्हणाला, “मग रविवारी तुला वाटेल ते सांग. मला एवढं पुरे.” आणि शर्टांखालून वाकून निघून गेला. मामा, हा माणूस भांडायला आला असता तर बरे झाले असते. दोन शिव्या देऊन गेला असता तर मी रविवारी छाती काढून उभा राहिलो असतो. आता छातीत काहीतरी अडकून बसले आहे आणि ते स्टार्चने झालेले नाही.

तरीसुद्धा माझा निश्चय पक्का आहे. तो शब्द माझ्या तोंडातून निघणार नाही. तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस आहे, ताठ उभा राहीन. पत्रात काही कमीजास्त लिहिले गेले असेल तर रागावू नका. मामींच्या पाया पडतो, धाकटीला आशीर्वाद.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
तुमचा भाचा

ता. क. रविवारी तुम्ही इकडे यावे. फार बोलायचे नाही. सर्वांसमोर एवढेच सांगायचे की भाच्याला धंदा शिकवताना तुमच्या तोंडून ‘प्रत्येक कपडा’ असे चुकून निघाले, हातमोजे वगळायचे राहून गेले. म्हणजे हेडमास्तरांना हवा तो शब्द मिळेल, खिडकी सुटेल आणि माझ्या कामालाही बट्टा लागणार नाही. तुमचे वय झाले आहे, तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. तुम्ही कबूल झाला आहात असे मी मालकांना सांगून टाकले आहे.

आणखी एक. मी लहानपणापासून बर्फवाल्यांचा, हे इथे कुणाला ठाऊक नाही, तुम्हालाच आहे. कृपा करून रविवारी ते बोलू नका. खरे तर त्यामुळेच सगळे घडले. खिडकीचे मोजे हातात आले तेव्हा मला धसका बसला की विरुद्ध बाजूचे काम मी हयगयीने केले असे उद्या कुणी म्हणायला नको. म्हणून बाकीच्या कपड्यांना स्टार्च एकदा दिला आणि त्या मोज्यांना दोनदा. सामन्याला मी गर्दीच्या मागे, भिंतीला टेकून उभा होतो. चेंडू त्याच्या हाताला चिकटलेला पाहिला आणि काही कळायच्या आत “लबाडी! मोज्यांना काहीतरी लावलंय!” असे सगळ्या मैदानात जो कुणी पहिल्यांदा ओरडला, तो मीच. ते मात्र चुकून झाले.