एका ‘जाऊ दे’मुळे विमानतळ

प्रिय आई,

सीटबेल्ट लावून साष्टांग नमस्कार. मी गाडी छान चालवते, काळजी करू नकोस. बंपरला थोडं खरचटलंय, ते पार्किंगमध्ये.

रविवारी इथल्या समुद्रकिनाऱ्यावर, ईस्ट कोस्टला, नाश्त्याला निघालो. तुझा जावई शेजारी बसून रस्ता सांगत होता. तू इकडे का येत नाहीस, यावरून आमची वादावादी चालली होती. शेवटी वैतागून दर्शन म्हणाला, “जाऊ दे.” नेमका तेव्हाच आमचा एक्झिट आला. मला वाटलं, हा सोडायचा असेल. दिला जाऊ. त्यावरून भांडताना पुढचाही गेला. मागून तुझी नात अवनी इथल्या पोरांसारखं शेवटी ‘लाह’ जोडत म्हणाली, “ममा, एअरपोर्ट आला, लाह.”

आलोच आहोत तर चहा घेऊ म्हणून आत गेलो. प्रवासी बाहेर येतात त्या दारासमोरच बसलो. दार उघडलं की तिघंही तिकडे बघायचो.

तुझा गुडघा कसा आहे? तिकिटाचं काढलं की तूही “जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू” म्हणतेस. आई, विमानतळाचा रस्ता आता मला चुकूनसुद्धा सापडतो. तू फक्त त्या दारातून बाहेर ये.

अजून लायसन्स शाबूत असलेली,
तुझी मधुरा